एकविसावा दिवस सरला, तरी एकाही अंड्याला टोच नाही

आमच्याकडे नेमाने खुडूक बसणारी गावरान कोंबडी एकच. तिच्याखाली दहा-बारा अंडी मावतात, बाकीची खाण्यात जातात. म्हणून जानेवारीत चोवीस अंड्यांचा छोटा इनक्युबेटर, म्हणजे अंडी उबवायचं यंत्र, मागवला. आत पंखा, अंडी फिरवायला मोटर, समोर तापमानाचा लाल आकडा. त्या आकड्यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

पहिले अठरा दिवस सुरळीत गेले. आकडा 37.7 अंश सेल्सिअसवरून हलला नाही. आठव्या रात्री अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडी धरली. तीन रिकामी निघाली, बाकीच्यांत लाल शिरांचं जाळं दिसलं. अठराव्या दिवशी फिरवणं बंद केलं आणि पाण्याचे दोन्ही कप्पे भरले.

एकविसावा दिवस पिल्लं बाहेर पडायचा, मी पहाटेपासून काचेला डोळे लावून. काही नाही. रात्री बारापर्यंत काही नाही. बाविसाव्या दिवशी दुपारी सासूबाईंनी झाकण उघडून एक अंडं कानाला लावलं. "आत चिवचिवतंय गं. पण माझ्या कोंबडीला कधी इतका उशीर लागला नाही."

तेविसाव्या दिवशी पहाटे एका अंड्याच्या रुंद टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा तडा दिसला, पिल्लानं आतून मारलेली टोच. दुपार झाली, तडा तेवढाच. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी नखानं कवच सोलायला घेतलं. आतल्या पातळ पडद्यातून रक्ताचा बारीक धागा आला आणि संध्याकाळपर्यंत ते पिल्लू गेलं. टोच मारल्यावर पिल्लू बाहेर यायला चोवीस तासही लागतात. तेवढ्यात पडद्यातलं रक्त आणि उरलेला बलक ते पोटात ओढून घेत असतं. हे मला आधी माहीत असतं तर मी हात लावला नसता. तुम्ही लावू नका.

चोविसाव्या दिवसापर्यंत एकवीसपैकी सहा निघाली. दोघांची बेंबी ओली, पोटं फुगलेली, ती दोन दिवसांत गेली. उरलेली अंडी फोडली तर आत पिसं आलेली पूर्ण पिल्लं, बलक अजून पोटाबाहेर.

विकणाऱ्याला फोन केला. म्हणाला, "ताई, अंडी जुनी असतील." अंडी माझ्या अंगणातली, सगळ्यात जुनं चार दिवसांचं. मग म्हणाला, "लाइट गेली असेल." दोनदा गेली होती, दोन्ही वेळा अर्धा तास. मी झाकण न उघडता वरून गोधडी टाकली होती, हवेची भोकं मोकळी ठेवून. त्यानंतर त्यानं फोन उचलणंच सोडलं.

चूक सापडली ती घरातल्या तापाच्या थर्मामीटरमुळे. रिकामं यंत्र तासभर चालवलं आणि डिजिटल थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर ठेवला. समोर लाल आकडा 37.7, थर्मामीटरवर 97.7 फॅरनहाइट, म्हणजे 36.5 सेल्सिअस. शेजारच्यांचा थर्मामीटर आणून पाहिला, तोही तेच सांगत होता. सव्वा अंशाची चूक! एवढ्या कमी उबेत पिल्लं मरत नाहीत लगेच, पण वाढ रेंगाळते आणि शेवटी बाहेर पडायला ताकद उरत नाही. मी आकडा 38.9 वर नेला, तेव्हा आत खरोखर 37.7 झालं. उलटी चूक असेल, म्हणजे आत ऊब जास्त असेल, तर आणखी घात. तेव्हा अंडी ठेवण्याआधी ही तपासणी कराच. नुसत्या अंड्यांच्या पैशांचा प्रश्न नाही, आत जीव आहे.

ओलाव्याचा मीटरही तपासता येतो. बाटलीच्या झाकणात थोडं ओलसर केलेलं मीठ आणि मीटर एका घट्ट डब्यात रात्रभर ठेवा, सकाळी 75 टक्के दिसायला हवं. आधी ओलावा 50च्या आसपास पुरतो, शेवटचे तीन दिवस 65 ते 70. आणि हो, अंडी साठवताना निमुळतं टोक खाली, धुवायची नाहीत, आठवड्यापेक्षा जुनी घ्यायची नाहीत. दुकानातली पांढरी अंडी ठेवू नका, त्यांत कोंबड्याचा संबंधच आलेला नसतो.

दुसऱ्या खेपेला विसाव्या रात्रीच टोच दिसली. एकविसाव्या संध्याकाळी अठरा पिल्लं, पाय घट्ट, बेंबी कोरडी. सासूबाई डालग्याशेजारी बसून एकेकाला हातात घेऊन पाहत होत्या, आणि माझा ऊर भरून आला.

पिल्लांचं अंग वाळेपर्यंत त्यांना बाहेर काढायची घाई नको, पोटातल्या बलकावर ती दोन दिवस राहू शकतात. मग पहिला आठवडा बल्बखाली 35 अंशांची ऊब. सातव्या दिवशी मानमोडी (राणीखेत) रोगाची लासोटा लस डोळ्यात एक थेंब. छोटी कुपीसुद्धा शंभरेक पिल्लांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून आम्ही गल्लीतल्या तिघींची पिल्लं एकत्र आणून एकाच सकाळी लस दिली.