तुम्ही विचारलंत म्हणून: जेआरडी वैमानिक होते की शेठ?

हा प्रश्न दर ऑक्टोबरात येतो. १५ तारखेच्या सुमारास जेआरडी टाटांच्या १९३२च्या कराची-मुंबई टपाल-उड्डाणाची आठवण निघते आणि कुणीतरी म्हणतंच, "कंपनी टाटांची, विमान टाटांचं, पैसा टाटांचा. मालक स्वतः बसला त्यात एवढं काय? फोटोपुरता बसला असेल." पॅरिसचा जन्म, फ्रेंच आई, त्यांच्या विमान कंपनीचं १९५३चं राष्ट्रीयीकरण, १९७८मध्ये एअर इंडियाचं अध्यक्षपद काढून घेतलं गेलं ते, भारतरत्न, हे सगळं विचारणाऱ्यांना पाठ असतं. विमानाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. म्हणून आज विमानाबद्दलच.

आधी एक कबुली. 'पहिले भारतीय वैमानिक' हे बिरुद चुकीचं आहे आणि मीही ते बिनदिक्कत लिहिलेलं आहे. पहिल्या महायुद्धात इंद्रलाल रॉय आणि हरदितसिंग मलिक ब्रिटिश विमानदलातून लढले. रॉय १९१८मध्ये हवाई लढाईत मारलेही गेले. जेआरडींना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळाला तो भारतात दिला गेलेला पहिला परवाना, क्रमांक १. त्यापुढचं सगळं आपण चिकटवलेलं.

आता १५ ऑक्टोबर १९३२. विमान डी हॅविलँड पस मॉथ: वर एकच पंख, बंद केबिन, एक इंजिन. इंजिन गिप्सी थ्री, १२० हॉर्सपॉवरचं आणि उलटं बसवलेलं, म्हणजे सिलिंडर खाली लोंबणारे. त्यामुळे वैमानिकाला समोरचं नीट दिसतं, पण रात्रभर उभ्या विमानात तेल झिरपून सिलिंडरच्या डोक्यात साचतं. तेल दबत नाही. ते तसंच ठेवून इंजिन जोरात सुरू केलं तर पिस्टन तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून सकाळी पहिलं काम, मॅग्नेटोची (प्लगना ठिणगीची वीज पुरवणाऱ्या यंत्राची) दोन्ही बटणं बंद ठेवून नाकावरचा पंखा (प्रोपेलर) हाताने सावकाश काही फेरे फिरवायचा. मध्येच पंखा अडला तर जोर लावायचा नाही. त्या सिलिंडरचा प्लग काढून तेल बाहेर सोडायचं.

मग टपाल. इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीने लंडनहून कराचीपर्यंत आणलेली पत्रं पुढे न्यायची. पोती नीट बांधायची आणि जड पोती मागे सरकू द्यायची नाहीत, नाहीतर शेपूट जड होते. पोत्यात एखादी लोखंडी वस्तू असेल तर ती होकायंत्रापासून लांब.

कराचीच्या द्रिघ रोड मैदानावरून सकाळी साडेसहाच्या सुमारास उड्डाण. इतक्या लवकर कशाला, असं विचारलं जातं. ऑक्टोबर हीट आपल्याला परकी नाही. दहानंतर जमीन तापते, हवा उसळते आणि विमान खड्ड्यातल्या एसटीसारखं आपटत राहतं. पस मॉथच्या बाबतीत हा नुसत्या पोटात ढवळण्याचा प्रश्न नव्हता. त्या काळात याच जातीच्या काही विमानांचे पंख खडबडीत हवेत मोडले होते. १९३१मध्ये दक्षिण आफ्रिकेत ग्लेन किडस्टन हा ब्रिटिश वैमानिक अशाच अपघातात गेला. फोटोपुरतं बसायला मी तरी वेगळं विमान निवडलं असतं.

कराची ते अहमदाबाद सरळ रेषेत सुमारे ६०० किलोमीटर. रेडिओ नाही, वाटेत दिवे नाहीत, खालून सांगणारं कुणी नाही. नकाशावर पेन्सिलीने रेघ मारायची, ठरावीक अंतरावर खुणा करायच्या, होकायंत्र, घड्याळ आणि स्लाइड रूल (आकडेमोडीची सरकपट्टी) घेऊन बसायचं. पहिली खूण आली की किती मिनिटं लागली ते बघून खरा वेग काढायचा. विमानाचा वेग ताशी १०० मैल आणि बाजूने २० मैलांचा वारा असेल, तर नाक साडेअकरा अंश वाऱ्याकडे वळवून धरावं लागतं. हिशेब ५ अंशांनी चुकला तर ६०० किलोमीटरनंतर तुम्ही ५० किलोमीटर बाजूला. सिंधूच्या मुखाजवळच्या खाड्या ओळखता येतात. पुढे कच्छचं रण येतं आणि नकाशाचा उपयोग संपतो. ऑक्टोबरात तिथलं पावसाळी पाणी पुरतं ओसरलेलं नसतं. खाली पांढरं, करडं, चकाकणारं, आणि एकही खूण नाही. इंजिन बंद पडलं तर उतरायला जागा भरपूर, पण चाकं चिखलात रुतली की विमान नाकावर उलटतं.

अहमदाबादला पेट्रोल बैलगाडीतून आलं, चार-चार गॅलनच्या डब्यांतून. लोक यावर हसतात. हसू नका, हे काम किचकट होतं. असलं इंजिन तासाला साधारण पाच-सहा गॅलन पितं, म्हणजे कराचीपासून वीसेक गॅलन गेलेलं: निदान पाच डबे. प्रत्येक डबा शॅमॉय कातडं लावलेल्या नरसाळ्यातून ओतायचा. कातड्यातून पेट्रोल जातं, पाणी वर अडतं. घाई करून कातडं काढलं तर डब्यातला चमचाभर घाम टाकीत जातो आणि कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात अडकून इंजिन बंद पाडतो, तेही नेमकं उड्डाणाच्या वेळी.

पुढचा टप्पा सोपा. बडोदा, भडोच, सुरत, रेल्वेचे रूळ धरून आणि उजव्या हाताला समुद्र ठेवून खाली यायचं. दुपारी दोनच्या आत जेआरडी जुहूला उतरले. तिथे धावपट्टी नव्हती, चिखलाचं सपाट मैदान होतं.

आणि इथेच माझा वकिलीपणा अडखळतो. जुहूला टपाल नेव्हिल व्हिंटसेंटच्या हवाली झालं आणि पुढे बळ्ळारीला मुक्काम करून मद्रासपर्यंत त्याने नेलं. या टपालसेवेची मूळ योजनाही त्याचीच. ब्रिटिश शाही विमानदलातून आलेला हा माणूस ती घेऊन टाटांकडे आला होता. रोजच्या उड्डाणांचा भार त्याच्यावर आणि इतर वैमानिकांवर होता, जेआरडींवर नव्हे. पावसाळ्यात जुहू पाण्याखाली जायचं, तेव्हा बिऱ्हाड पुण्याला, येरवडा तुरुंगाच्या सावलीतल्या एका शेतात हलायचं. जून-जुलैत घाटावर ढग टेकलेले असताना टपाल वेळेवर पोचवणं हे रणापेक्षा अवघड. पहिल्या वर्षात एकाही खेपेचा कराचीला लंडनच्या टपालाशी जोड चुकला नाही, ही नोंद सरकारदरबारी झाली. ते श्रेय कुणाचं, हे मी पूर्वी एका वाक्यात उरकायचो. आता उरकता येत नाही. व्हिंटसेंट १९४२मध्ये युद्धाच्या धामधुमीत विमानप्रवासातच गेला. त्याचं नाव विचारणारं पत्र मला अजून आलेलं नाही.

तरीही 'शेठ' म्हणायला जीभ रेटत नाही, त्याचं कारण १९३०चं. आगाखानांच्या शर्यतीत भारत-इंग्लंड अंतर एकट्याने, कुठल्याही दिशेने कापायचं होतं. जेआरडी कराचीहून निघाले, कोवळा अस्पी इंजिनीअर (हे आडनाव) इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगवाचून अडकला होता.

गिप्सीच्या चार सिलिंडरना आठ प्लग असतात, दोन मॅग्नेटोंवर चार-चार. एकेक मॅग्नेटो बंद करून बघायचं. इंजिनाचे फेरे फार कमी झाले तर चालू ठेवलेल्या बाजूचा प्लग गेला. तेलकट झाला असेल तर पेट्रोलने धुऊन, फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत बसवून चालतो. आतली चिनीमाती तडकली असेल तर नवाच हवा, आणि १९३०मध्ये तो वाळवंटात विकत मिळत नव्हता. जवळचा जादा प्लग देणं म्हणजे पुढच्या हजारो किलोमीटरांची स्वतःची सोय देणं. जेआरडींनी दिले. अस्पी काही तासांच्या फरकाने शर्यत जिंकला, आणि पुढे भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला.

याला कुणी खिलाडूपणा म्हणतं, कुणी श्रीमंताची चैन: हरलं तरी काय बिघडणार होतं? हा आक्षेप मला पूर्वी हलकट वाटायचा. आता तसा वाटत नाही. पाचशे पौंडांचं ते बक्षीस जेआरडींना लागत नव्हतं, हे खरंच आहे.

१९६२मध्ये आणि पुन्हा १९८२मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी लेपर्ड मॉथमधून तेच उड्डाण पुन्हा केलं. दोन्ही वेळा कराची ते मुंबई. बळ्ळारीचा मुक्काम आणि मद्रासचा टप्पा त्यात नव्हता.