कास ते बामणोली, मुलांना घेऊन सायकलवर: आधी उताराचा हिशोब करा

"कासपासून पुढे सगळा उतारच आहे, मुलं पायडल न मारता बामणोलीला पोहोचतील." निघण्याआधी ज्याला विचारलं त्याने हेच सांगितलं. त्यात खोटं काही नाही, आणि मुलं बरोबर असताना तोच तर खरा धोका. कास पठार सुमारे 1200 मीटरवर आहे. बामणोली शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठावर, आणि कोयना धरण पूर्ण भरलं की पाण्याची पातळी असते 659 मीटर. म्हणजे बारा-तेरा किलोमीटरमध्ये पाचशे मीटरहून जास्त खाली उतरायचं. चढावर मूल दमलं तर उतरून सायकल ढकलतं, फार तर रडतं. उतारावर हात दमले तर सायकल थांबत नाही.

पाच जण होते: दोन मोठे आणि तीन मुलं. सात वर्षांच्या मुलाकडे 20 इंची, व्ही-ब्रेकची (रिमवर रबर दाबणारे) सायकल. दहा वर्षांच्या मुलीकडे 24 इंची, वायरवर चालणारे डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाच्या मधल्या चकतीला दाबणारे. तेरा वर्षांच्या मुलाकडे 26 इंची, हायड्रॉलिक डिस्क, वायरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे. तिन्ही सायकली एकाच दुकानातून सर्व्हिस करून आणलेल्या, आणि ही सर्व्हिस म्हणजे धुणं, तेल आणि टणक हवा. ब्रेक तपासले का, तर मोठ्या माणसाच्या मुठीने एकदा दाबून पाहिले. मुलाच्या मुठीचा त्यात विचारच नव्हता.

निकाल आधीच सांगून टाकतो. 20 इंची सायकलवरचं मूल कास ते बामणोली खाली आणू नका. पठारावरच्या रस्त्यावर त्याला हवं तेवढं चालवू द्या आणि घाट सुरू होण्याआधी सायकलीसकट गाडीत बसवा. 24 इंची चालेल, पण खाली लिहिलेली सगळी कामं घरी करून झाली असतील तरच. 26 इंची आणि चांगले ब्रेक असतील तर काळजी नाही.

सातारा ते कास साधारण पंचवीस किलोमीटर, सुरुवातीलाच यवतेश्वराचा घाट. मुलांसोबत हा भाग सायकलवर करण्यात अर्थ नाही, गाडीने वर या. जीप ठरवणार असाल तर भाडं गाडीचं की सायकलींसकट, हे निघायच्या आधी बोलून घ्या. वर पोहोचल्यावर "टपावरच्या सायकलींचे वेगळे" हे ऐकावं लागतं, आणि त्या वेळी मुलं खाली उतरून हेल्मेट घालून उभी असतात. गुपचूप द्यावे लागतात. सायकल गाडीत आडवी ठेवताना गिअरची बाजू वर ठेवा. 24 इंचीचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, खाली दबून आला आणि तो जिथे लागतो तो फ्रेमचा कान, म्हणजे हँगर, आत वाकला. असा वाकलेला हँगर शेवटच्या मोठ्या दातांवर चेन टाकताना डिरेलर थेट आऱ्यांत घालतो. जाग्यावर एकच उपाय: डिरेलरवरचा एल लिहिलेला स्क्रू आत फिरवून सगळ्यात हलका गिअर बंद करायचा. तो गिअर गेला, पण चाक वाचलं. त्या मॉडेलचा जादा हँगर बरोबर ठेवा, सातारच्या पुढे मिळणार नाही.

पठारावरची सकाळ छान गेली. तलाव, गार वारा, रिकामा रस्ता. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. फक्त सायकल रस्त्यावरच ठेवा. कातळावरच्या मातीच्या पातळ थरात जे उगवतं ते टायरखाली गेलं की गेलं. वनखात्याने अडवायची वाट पाहू नका. कुमुदिनी तलावाकडे जाणारा राजमार्ग मुरमाचा आहे. तिकडे वळायचं असेल तर आधी चौकीवर विचारा. फुलांच्या हंगामात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मुलांना सायकलवर इथे आणूच नका: गाड्यांची रांग लागलेली असते आणि झाडांखालच्या डांबरावर शेवाळ असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

पठारावरच्या छोट्या चढांना 24 इंची सायकलचे मूळ गिअर पुरत नाहीत. पुढे 36 दात, मागे 14-28 चं फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातांची चक्रं) हा आपल्याकडचा नेहमीचा संच. त्याऐवजी 14-34 बसवलं की पायावरचा भार जवळपास पाचव्या हिश्शाने कमी होतो. डिरेलर 34 दात पेलणारा आहे का ते बघा, आणि चेन दोन ते चार कड्यांनी लांब करा. चेन तेवढीच ठेवली तर मोठ्या दातांवर ती ताणून डिरेलरच मोडेल.

चढावर ओढायला जुनी 26 इंची ट्यूब पुरते. व्हॉल्व्हजवळ कापून लांब करायची, एका टोकाचा फास मोठ्याच्या सीटखालच्या नळीला, दुसऱ्या टोकाचा फास मुलाच्या हँडलच्या मधल्या स्टेमवर. हँडलच्या टोकाला कधीही नाही, हँडल एका बाजूला ओढलं जाऊन मूल पडतं. रबर असल्यामुळे झटका बसत नाही. चढ संपायच्या आधी थांबून फास काढायचा. उतारावर ट्यूब लावलेली असता कामा नये.

आता उतार.

त्याचं गणित असं. 26 किलोचं मूल आणि 14 किलोची सायकल मिळून 40 किलो पाचशे मीटर खाली येतात तेव्हा जवळपास 200 किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. थोडी टायर खातात, थोडी वारा. मूल भीतीने हळू चालवत असल्याने वाऱ्याचा वाटा नगण्य, आणि निम्म्याच्या आसपास ऊर्जा ब्रेकवर येते. तेवढ्यात दोन कप चहाचं पाणी उकळेल. ती सगळी उष्णता चार छोट्या रबरी तुकड्यांमधून आणि दोन पातळ रिममधून बाहेर पडायची आहे, आणि ते तुकडे रिमवर दाबून धरायचं काम सात वर्षांच्या हाताला करायचं आहे.

घाटात चार किलोमीटरवर थांबलो तेव्हा 20 इंचीची उजवी लिव्हर दाबली की थेट ग्रिपला टेकत होती. रिमवर काळी भुकटी, शूवरच्या, म्हणजे त्या रबरी तुकड्यांवरच्या, खाचा पुढच्या बाजूला गुळगुळीत झालेल्या. मुलाच्या हाताकडे पाहिलं तर चारही बोटं लिव्हरवर आणि तीही टोकांनी, कारण लिव्हर इतकी लांब की पेर पोहोचतच नव्हतं. अंगठा ग्रिपवरून सुटलेला. असा हात खड्ड्यावर आदळला की हँडल सुटतं. पुढचं अंतर ती सायकल ढकलत नेली, आणि उतारावर सायकल ढकलणं मुलाला चढापेक्षा जड जातं.

हे घरीच टाळता येतं, एका संध्याकाळचं काम आहे.

पहिलं काम लिव्हरचं अंतर. लिव्हर जिथे हँडलला धरलेली असते तिथे आतल्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, कधी प्लस, कधी 2 किंवा 2.5 ची अॅलन की. तो आत फिरवला की लिव्हर ग्रिपजवळ येते. मुलाने मूठ ग्रिपवर ठेवून तर्जनी आणि मधलं बोट पुढे केलं की दोन्हींचं पहिलं पेर लिव्हरवर पूर्ण वळलं पाहिजे. लिव्हर जवळ आणली की वायर ढिली पडते, म्हणून मग वायर पुन्हा ओढून घ्यायची. मुलाने पूर्ण जोर लावून दाबल्यावरही लिव्हर आणि ग्रिपमध्ये त्याचं एक बोट मावायला हवं.

दुसरं, वायर आणि तिचं आवरण दोन्ही नवीन टाका. एका पावसाळ्यानंतर आतून गंज चढतो आणि मुलाचा निम्मा जोर वायर सरकवण्यातच जातो. लिव्हर सोडल्यावर ती टणकन परत यायला हवी, रेंगाळत नाही.

तिसरं, शू. शूवरची रेष पुसट झालेली असेल तर बदला, आणि आणखी एक नवीन जोडी खिशात ठेवा. शूमध्ये मुरमाचे कण रुततात आणि रिम खरवडतात, ते सेफ्टी पिनने उपटून काढा. बसवताना शूचं पुढचं टोक मागच्या टोकापेक्षा रिमच्या किंचित जवळ ठेवा, एका व्हिजिटिंग कार्डाएवढा फरक. किंचाळणं थांबतं.

वायरवाल्या डिस्क ब्रेकची गोम वेगळी आहे आणि बहुतेक दुकानदार ती चुकवतात. त्यात डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या दोन पॅडपैकी बाहेरचाच हलतो, आतला स्थिर असतो. पॅड झिजले की लिव्हर खोल जाते, आणि दुकानदार वायर ताणून देतो. त्याने कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाचा, हात आधीच अर्धा वळलेला राहतो आणि पुढे दाबायला जागा आणि जोर दोन्ही उरत नाहीत. वायर तशीच ठेवून आतल्या पॅडचा स्क्रू, आऱ्यांच्या बाजूने, थोडा थोडा आत घ्या. पॅड डिस्कला घासायला लागला की एक खाच मागे. 24 इंचीचं हे काम वाटेत केलं, दहा मिनिटं लागली, आणि त्यानंतर ती मुलगी बामणोलीपर्यंत दोन बोटांनी ब्रेक लावत आली.

आपल्याकडच्या सायकलींना उजवा ब्रेक पुढचा असतो. बाहेरून आणलेल्या काहींना उलट. मुलाला कोणता कुठला ते विचारा. उत्तर द्यायला थांबावं लागलं तर घाटात जाऊ नका. बहुतेक मुलं पुढच्या ब्रेकला घाबरून फक्त मागचा धरून ठेवतात. सतत हलका धरलेला ब्रेक सगळ्यात जास्त तापतो. शिकवायचं ते एवढंच: वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात, वळणात सोडून द्यायचे, मग पुन्हा. पायडल आडवे एका पातळीत, ढुंगण सीटवरून किंचित वर आणि मागे. त्यासाठी सीट तीन-चार सेंटिमीटर खाली घ्या. सीटची चढावरची उंची नळीवर इन्सुलेशन टेपने खूण करून ठेवली की परत मोजत बसावं लागत नाही.

दर दीड किलोमीटरला सक्तीने थांबा. मूल "नको, जाऊ" म्हणेल, तरी थांबा. दोन्ही हात खाली सोडून बोटं झटकायला लावा. रिमला बोटाची मागची बाजू लावा, धरवत नसेल तर दहा मिनिटं बसा. डिस्कला हात लावू नका, फोड येतो. बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब टाका, चर्र झालं तर थांबा. थेंबच, अख्खी बाटली नाही. तापलेली डिस्क वाकडी होते.

पुढे एक मोठा माणूस, त्याला कोणी ओलांडायचं नाही. मागे दुसरा. मधल्या मुलांत वीस-वीस मीटर अंतर. रस्ता अरुंद, कडेचं डांबर तुटलेलं आणि त्यावर मुरूम सांडलेला, त्यामुळे गाडी आली की मुलं कडेला घेतात आणि तिथेच घसरतात. गाडीचा आवाज आला की कडेला न सरकता थांबायचं, पाय टेकवायचा, हे वर पठारावरच दहा वेळा करून घ्या. सकाळी नऊच्या आत उतरायला लागा, नंतर खालून-वरून पर्यटकांच्या गाड्या सुरू होतात. सकाळी गवे रस्त्यावर असू शकतात. थांबायचं, घंटी वाजवायची नाही, तो जाईपर्यंत उभं राहायचं.

टायरची हवा हाही उतारावरच कळणारा प्रकार. दुकानदार टायरवरचा आकडा बघून 50-60 पीएसआय भरतो. 26 ते 30 किलोच्या मुलाला रुंद टायरमध्ये 22 पुढे आणि 25 मागे भरपूर झाले. टणक टायर खडीवर उड्या मारतो, आणि हवेत असलेल्या चाकाला ब्रेक लागत नाही. ट्यूब प्रत्येक मापाची एक घ्या, 24 इंची वाटेत कुठेही मिळत नाही, आणि पंप तुमच्या व्हॉल्व्हला बसतो का ते घरी पाहा. बाभळीचा काटा काढल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, राहिलेलं टोक त्याला अडकतं.

बामणोलीला पोहोचल्यावर सायकली बोटीत घालून तापोळ्याला जायचा बेत अनेक जण आखतात. सोडून द्या. फलकावर बोटीचे दर लिहिलेले असतात, सायकलीचा त्यात उल्लेख नसतो, आणि मग एका सायकलीला एका माणसाएवढे पैसे मागितले जातात. घासाघीस केली तर "दुसरी बोट बघा". त्याहून महत्त्वाचं, तापोळ्याहून महाबळेश्वरचा चढ मुलांचा नाही, म्हणजे पलीकडेही गाडी लागतेच. ज्या गाडीने कासला आलात तीच बामणोलीला बोलवा. फोनच्या भरवशावर राहू नका, रेंज जाते-येते. वेळ आणि जागा सकाळी कासलाच ठरवा: बोटीच्या धक्क्याजवळ, दुपारी एक वाजता, आणि उशीर झाला तर चालकाने वर घाटात यायचं की खालीच थांबायचं, तेही.