आमची वाटचाल : नागपूरच्या वेळेची दिनदर्शिका

वडिलांनी नागपूरच्या महाल भागात छपाईचं ट्रेडल मशीन टाकलं तेव्हा कामं लग्नपत्रिकांची आणि पावतीपुस्तकांची. दिनदर्शिका नंतर आली. तीही बाहेरून तयार पानं आणायची आणि वर दुकानाचं नाव छापून द्यायचं, एवढीच. त्या पानांवर चंद्रोदय मुंबईचा असे. संकष्टीला शेजारच्या काकू नैवेद्य झाकून घड्याळाकडे बघत बसायच्या आणि चंद्र तर केव्हाचाच वर आलेला! नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंशांहून थोडं जास्त. अंशाला ४ मिनिटं धरली तरी सुमारे २५ मिनिटं उपाशी माणसाला उगाच थांबावं लागायचं. वडील म्हणाले, "छापायचं तर आपल्या गावचं छापू." आमची दिनदर्शिका सुरू झाली ती अशी.

काम वेळखाऊ आहे. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. चंद्राची चाल कमी-जास्त होते, म्हणून तिथी कधी २० तासांत आटोपते, तर कधी २६ तास चालते. ती संपण्याचा क्षण साऱ्या देशात एकच, सूर्योदय मात्र ज्या-त्या गावचा. जानेवारीच्या सुरुवातीला आपल्याकडे ६:५० च्या सुमारास सूर्य उगवतो, मुंबईत ७:१० नंतर. द्वितीया ७ वाजता संपत असेल तर सूर्योदयाच्या हिशेबाने नागपुरात त्या दिवशी द्वितीया आणि मुंबईत तृतीया!

प्रूफ तपासायला आजही दोघं बसतात. एक पंचांग मोठ्याने वाचतो, दुसरा चौकटीवर पेन्सिल फिरवतो. वृद्धी आली की लागोपाठ दोन चौकटींत एकच तिथी, क्षय आला की एका चौकटीत दोन. राहुकाळाचा तयार तक्ता आम्ही घेत नाही. त्यात सोमवारचे ७:३० ते ९ हे आकडे सूर्योदय ६ ला आणि दिवस १२ तासांचा धरून काढलेले. आम्ही त्या दिवसाचं दिनमान, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त हा वेळ, आठांनी भागतो. जानेवारीत तोच राहुकाळ ८:१० च्या पुढे लागतो.

इतवारीतल्या हिंदी भाषक व्यापाऱ्यांसाठी वेगळी आवृत्ती काढली, ती त्यांनी सांगितलं म्हणून. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो आणि श्रावणी सोमवारही तेव्हापासूनच.

२०२३ साली अधिक श्रावण आला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. त्या महिन्यात विवाहमुहूर्ताचा रकाना कोरा असतो, म्हणून मंगल कार्यालयवाले सर्वांत आधी तेच पान मागायला येतात. २०२६ च्या अधिक ज्येष्ठासाठीही आधी त्यांनीच विचारलं. १७ मे ते १५ जून म्हणजे ऐन लग्नसराई.

आता गडचिरोली आणि गोंदियाच्या पतसंस्थांसाठी तिथल्या चंद्रोदयाचा स्वतंत्र रकाना देतो. नवीन वर्षाच्या ऑर्डरी दसऱ्यापर्यंत घेतो, कारण पुढचे सगळे दिवस प्रुफांना लागतात.