थरथरणारी काळी पाच

ज्या गायिकेला मी पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, साथ करतो त्या ताईंचा आवाज बसला नसता तर कोलकाता म्हणजे माझ्यासाठी विमानतळ, हॉटेल आणि सभागृह एवढंच राहिलं असतं. साथीदाराच्या वाट्याला कुठलंही शहर तेवढंच येतं. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंच्या तोंडून शब्द फुटेना. डॉक्टरांनी मौन सांगितलं, गुवाहाटीचा कार्यक्रम रद्द झाला आणि परतीची तिकिटं मिळाली ती थेट तीन दिवसांनंतरची. त्यातला पहिला दिवस झोपण्यात गेला.

मी मात्र आदल्या रात्रीपासूनच धुमसत होतो. विमानाच्या सामानातून आलेल्या पेटीला कुठेतरी दणका बसला होता. खोक्यावर 'नाजूक' असं ठळक लिहिलेलं असतानाही ही माणसं खोकी फेकतात, याचा संताप माझ्या मनातून आजही जात नाही. ताईंची पट्टी काळी पाच, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीचा सूर हा त्यांचा षड्ज, आणि बिघडला नेमका तोच सूर. पेटीतले खालच्या आवाजाचे खर्ज आणि त्याहून वरच्या आवाजाचे नर हे दोन्ही रीड एकत्र बोलले की सूर थरथरायचा. मग खर्ज बंद करून अख्खा मारूबिहाग राग मी एकट्या नरावर वाजवला. पेटी अगदी पातळ बोलत होती. श्रोत्यांना कदाचित कळलं नसेल, पण ताईंनी दोनदा मान वळवून पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी पेटी खांद्याला अडकवून मेट्रोनं सेंट्रल स्टेशनला उतरलो आणि चालत लालबाजारला आलो. वाद्यांची दुकानं इथे आहेत हे ऐकून होतो. ज्या पेटीवर माझं पोट चालतं ती, म्हणजे मांडी घालून एका हातानं भाता मारायची पेटी, याच शहरात जन्मली. 1875 च्या सुमारास द्वारकानाथ घोष यांनी ती बनवली. त्याआधी युरोपातून आलेल्या पेट्यांचा भाता पायानं चालवावा लागे. टेंबे, मधुकर, आप्पा जळगावकर अशी पेटीवादकांची थोर नावं घेत मी लहानाचा मोठा झालो, पण कोलकात्याचं हे ऋण मला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दुकानात एक वयस्कर कारागीर भेटले. मी 'दादा' म्हणालो, तेही मला 'दादा'च म्हणाले. काय बिघडलंय ते त्यांनी विचारलं नाही. पेटी मांडीवर घेऊन भाता मारला आणि खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी दाबत गेले. काळी पाच आली तसे थांबले, पुन्हा दाबली आणि डोळे मिटले. मग रीड, म्हणजे सूर देणारी आतली पाती, गुजरातमधल्या पालिताण्याचे का, एवढंच विचारलं.

झाकण निघालं. पेटीच्या आतला भाग मी आजवर अनेकदा पाहिलाय, पण दुसऱ्याच्या हाताखाली इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. पितळेचं जेमतेम बोटाएवढं पातं, एका टोकाला घट्ट बसवलेलं, दुसरं टोक मोकळं. मोकळ्या टोकाशी घासलं की पातं हलकं होतं आणि सूर चढतो. बुडाशी घासलं की पातं लवचीक होतं आणि सूर उतरतो. माझा खर्ज उतरला होता. पात्याखाली त्यांनी पातळ पत्रा सरकवला आणि टोकाशी कानसेचा एकच हलका हात फिरवला. पितळ निघालं ते डोळ्याला दिसलंही नाही. रीड जागेवर, भाता, खर्ज-नर एकत्र. थरथर होती, पण आता मंद, एखादा थकलेला माणूस श्वास घेतो तशी. पुन्हा रीड बाहेर, पुन्हा एक हात. असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी दोन्ही सूर एकमेकांत असे मिसळले की माझ्या अंगावर काटा आला. त्यांनी मात्र नकारार्थी मान हलवली. भात्याचं कातडंही एका कोपऱ्यात सुटलंय, संध्याकाळी या, म्हणाले.

हातात दुपार होती. त्याच रस्त्यानं उत्तरेला निघालो. नाखोदा मशीद मागे पडली, महात्मा गांधी रोड ओलांडला. फुटपाथवर पाय ठेवायला जागा नव्हती. हातगाडीवाले, हमाल, सगळे धक्का देऊन जात होते. गर्दी मला सोसत नाही, तरी चालत राहिलो, कारण पुढे जोडासांको होतं, टागोरांचं घर. ते इथेच 1861 साली जन्मले आणि 1941 साली इथेच गेले. लाल भिंतींच्या त्या वाड्यात शिरताना माझ्या मनात अढी होती. 1940 साली टागोरांनी रेडिओच्या कलकत्ता केंद्राला पत्र लिहून पेटी बंद करायला सांगितलं होतं. त्याच वर्षी रेडिओवर पेटीला बंदी झाली, ती 1971 पर्यंत. तीस वर्षं! आणि दुकानांच्या पाट्यांवर पाहिलं तर पेटीवाल्यांच्या या रस्त्याचं नाव आता रवींद्र सरणी.

ठाकूरबाडीच्या, म्हणजे टागोरांच्या त्या वाड्याच्या, अंगणात बराच वेळ बसलो. पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही, हा आक्षेप मला मान्यच आहे. ताई निषादावरून षड्जावर घसरत येतात तेव्हा मी मागे फक्त दोन पट्ट्या जोडत असतो, आणि ते मला रोज टोचतं. पण बंदी पटत नाही. त्या तीस वर्षांत रेडिओच्या दाराबाहेर उभं राहिलेल्या साथीदारांचं काय झालं असेल, हेच डोक्यात घोळत राहिलं. खोल्या धड पाहिल्याच नाहीत.

परत आलो तेव्हा अंधार पडला होता. पेटी तयार होती. वाजवून बघा, दादा म्हणाले. दुकानातच मांडी घालून पूरिया धनाश्री छेडला. भाता इतका हलका झाला होता की हात आपोआप चालत होता, मी रंगलो. रस्त्यावरचे दोघंतिघं दारात येऊन थांबले. दादा मात्र मान खाली घालून ऐकत होते. अचानक त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवून मला थांबवलं, पेटी स्वतःकडे ओढली, काळी पाच दोनदा दाबली आणि पुन्हा स्क्रू काढायला बसले.