माइक कुठे बहिरा असतो

नव्वदच्या दशकात ताडदेवच्या एका स्टुडिओत मी असिस्टंट म्हणून लागलो, तेव्हा साऊंड इंजिनिअरिंग म्हणजे कन्सोलपुढे बसून आवाज कमीजास्त करणारे फेडर हलवायचे, एवढीच माझी समजूत होती. हातात आल्या त्या केबली. केबल कोपराभोवती गुंडाळताना दिसलं की आमचे रेकॉर्डिस्ट दादा ओरडायचे, कारण तशा पिळाने आतली तार तुटते आणि नेमका टेक चालू असताना खरखर सुरू होते. त्याखेरीज रोज सकाळी टेपमशीनची हेडं स्पिरिटने पुसायची, पट्ट्यांवर ट्रॅकची नावं लिहायची आणि चहा सांगायचा. दादांनी उमेदीत परळच्या राजकमल स्टुडिओत, मंगेश देसाई जिथे सिनेमांचं रीरेकॉर्डिंग, म्हणजे संवाद, गाणी आणि पार्श्वसंगीत यांची शेवटची जुळणी, करत तिथे, कोपऱ्यात उभं राहून बरंच काही पाहिलं होतं. शिकवायची त्यांची पद्धतही तीच. कोपऱ्यात उभा राहा आणि बघ.

आषाढी जवळ आली की अभंगांच्या कॅसेटची घाई सुरू व्हायची. त्या वर्षी एका कंपनीने चक्क एक वारकरी भजनी मंडळच स्टुडिओत आणलं. बुवा, पेटी, पखवाज, वीणा आणि डझनभर टाळकरी. कंपनीच्या माणसाचं म्हणणं होतं की चोवीस ट्रॅक आहेत तर प्रत्येक वाद्य वेगळं घ्या, म्हणजे मागाहून कमीजास्त करता येईल. त्याप्रमाणे बुवांना काचेच्या बूथमध्ये बसवलं, कानाला हेडफोन लावले, टाळकरी बाहेर हॉलमध्ये. बुवांनी दोन ओळी म्हटल्या आणि हेडफोन काढून ठेवले. ‘‘माउली, टाळकरी दिसल्याशिवाय मला म्हणता यायचं नाही. आणि हे कानावरचं काढलं तरच बरं.’’

कंपनीचा माणूस घड्याळ बघायला लागला. स्टुडिओ तासावर असतो, त्यामुळे त्याचंही चुकत नव्हतं. दादा मात्र उठले, बूथचं दार सताड उघडलं आणि मला म्हणाले, ‘‘यू ८७ हॉलच्या मधोमध लाव.’’

यू ८७ या न्यूमन कंपनीच्या माइकवर एक बारकं बटण असतं. ते कार्डिऑइडवर ठेवलं की माइक समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं जवळजवळ ऐकत नाही. हे पुस्तकात मी वाचलेलं होतं. दादांनी मला माइकच्या जागी डोकं नेऊन एक कान बंद करायला लावला आणि टाळकऱ्यांना टाळ वाजवायला सांगितलं. ‘‘माइक काय ऐकतो ते सगळे बघतात. तो कुठे बहिरा आहे ते आधी बघ.’’ बुवा माइकसमोर, टाळकरी माइकच्या पाठीमागे अर्धवर्तुळात. म्हणजे बुवांच्या बरोब्बर नजरेसमोर! त्यांना हवं होतं ते मिळालं आणि आम्हालाही.

तरी पहिल्या टेकला बुवांच्या ट्रॅकवर टाळ खणखणत होते. कारण बुवांच्या पाठीमागची भिंत. टाळांचा आवाज त्या भिंतीवर आपटून परत माइकच्या तोंडावर येत होता. वॉचमनच्या खोलीतली रजई आणि स्टोअरमधली दोन जाड ब्लँकेटं बुवांच्या मागे स्टँडवर टांगली. दिसायला वाळत घातलेल्या धुण्यासारखं दिसत होतं, पण आवाज निवळला.

खरी गंमत पुढे झाली. टाळांवर वेगळा माइक होता आणि त्याच्या व्हीयू मीटरची, म्हणजे आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरची, सुई जागची हलत नव्हती, म्हणून मी लेव्हल वाढवायला हात पुढे केला. दादांनी मनगट धरलं. ‘‘प्लेबॅक ऐक.’’ मीटरवर सुई शून्याच्या कितीतरी खाली, आणि टेपवर टाळ फाटलेला! व्हीयूची सुई आवाजाच्या पातळीला पोचायला सुमारे ३०० मिलिसेकंद घेते. टाळाच्या ठोक्याचं टोक त्याआधीच येऊन जातं. सुईला पत्ता नसतो, टेपला असतो. दादांनी लेव्हल आणखी खाली आणली, सुई जेमतेम थरथरेल इतपत.

दरम्यान पखवाजाचा सूर बिघडला. धुमेवर, म्हणजे डाव्या तोंडावर, लावलेली कणीक एसीच्या कोरड्या गारव्यात वाळत होती. एसी बंद करावा तर मंडळी घामाघूम, चालू ठेवला तर पखवाजी दर अभंगाला कणीक मागणार. मी खालच्या हॉटेलातून मळलेली कणीक आणून दिली आणि कंपनीच्या माणसाने ती कार्पेटवर पडताना पाहिली. त्याचं तोंड आठवलं की अजून हसू येतं.

दादांनी आणखी एक गोष्ट न बोलता केली होती. नेहमी सेकंदाला ३० इंचांच्या वेगाने चालणारी मशीन त्यांनी १५ वर आणली. २,५०० फुटांचं रीळ ३० वर साधारण साडेसोळा मिनिटं चालतं, १५ वर तेहतीस. टेपची सळसळ, म्हणजे हिस, थोडी वाढते, पण दादांचा होरा वेगळा होता. गजर सुरू झाला की ही मंडळी घड्याळ बघत नाहीत. झालंही तसंच. शेवटच्या गजराला लय चढत गेली, टाळकरी जागच्या जागी पावली खेळायला लागले, फळ्यांचा धप्प धप्प आवाज खालून माइक स्टँडमध्ये शिरला. मी दादांकडे पाहिलं. त्यांनी टॉकबॅकच्या, म्हणजे हॉलमधल्यांशी बोलायच्या बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि टेक चालू दिला.

दुसऱ्या दिवशी मिक्सिंगला कंपनीचा माणूस आला. ‘‘टाळ जरा कमी करा, वरून कीबोर्ड टाकू.’’

‘‘टाळ सगळीकडे थोडे थोडे आहेत,’’ दादा म्हणाले. ‘‘टाळांचा फेडर खाली ओढाल तर ते दूर जातील, नाहीसे होणार नाहीत. आणि कीबोर्ड कुणाच्या लयीवर वाजवणार? लय धरून ठेवणारी टिकटिक, क्लिक, नाहीच.’’

मग त्यांनी डावा-उजवा आवाज एकत्र करणारं मोनोचं बटण दाबून सगळं कन्सोलवरच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकवलं. गावोगावच्या चहाच्या टपरीवर एका स्पीकरचा टेपरेकॉर्डर असायचा, कॅसेट वाजायची ती त्याच्यावर. मोनोत दोन माइकचं एकमेकांशी भांडण लागलं की आवाज पोकळ होतो, पण बुवा तसेच भरीव राहिले. कंपनीचा माणूस दोन अभंग मुकाट्याने ऐकत बसला. कीबोर्डचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. रजईचं भाडं बिलात का लावलंय, यावर मात्र त्याने अर्धा तास वाद घातला.