यंत्र अजून बाकावर, गट मात्र कामाला: तासगाव पट्ट्यातली प्रगती

पान किती वेळ ओलं राहिलं हे मोजणाऱ्या आमच्या यंत्राच्या पेटीत अजून पाणी शिरतं, बॅटरीचा हिशेबही बसायचाय. पण ज्यांच्यासाठी ते बनतंय त्या द्राक्ष बागायतदारांचा गट सुरू झालाय. छोटं हार्डवेअर बाजारात आणू पाहणाऱ्यांसाठी त्याचा हा तपशील.

"लवकरच येतंय" असे फोटो टाकून गट टिकत नाही, लोक म्यूट करतात. यंत्र नसतानाही रोज उपयोगी पडेल असं काम गटाला लागतं. आमच्याकडे ते काम म्हणजे पाऊस आणि दव. परतीचा पाऊस सावळजला झोडपतो तेव्हा मणेराजुरी कोरडी असू शकते. फळछाटणीनंतर डाऊनीची (ओल्या पानावर येणाऱ्या केवडा रोगाची) फवारणी आज घ्यायची की उद्या, हे ठरवताना शेजारच्या शिवारातला आकडा फार मोलाचा.

पर्जन्यमापक घरीच होतो. ११.३ सेंमी व्यासाचं नरसाळं, खाली ५ लिटरचा कॅन आणि औषध मोजायचं १०० मिलीचं माप. या व्यासाला तोंडाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंमी येतं, म्हणून १० मिली पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. नरसाळं पट्टी लावूनच घ्या, १२ सेंमीचं आलं तर आकडा जवळपास १३ टक्के फुगतो. मांडवाखाली ठेवू नका, पानांवरून ठिबकणारं पाणी आत जातं. बांधावर मोकळ्यात, झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवा. ब्लोअर फिरणार असेल त्या दिवशी वर झाकण हवंच, नाहीतर फवारणीचं पाणीही पावसात धरलं जातं.

वाचन सकाळी ८.३० ला, हवामान खात्याचा दिवस तिथेच बदलतो. कुणी ६ ला वाचलं, कुणी १० ला, तर मधल्या वेळेत आलेली एकच सर दोन तारखांना लागते.

दवासाठी टिश्यू पेपर पुरतो. पानाच्या खालच्या बाजूला तो हलकेच दाबायचा (डाऊनी तिथल्याच रंध्रांतून शिरतो) आणि डाग उठायचा थांबला की वेळ लिहायची. एकदा काठाच्या ओळीत, एकदा आतल्या दाट फुटव्यात. आत पान बराच वेळ ओलं राहतं, म्हणून दोन्ही वेळा वेगळ्या लिहा. आमच्या सेन्सरची ओलं-कोरडं ठरवणारी रेघ याच वेळांवरून बसवणार आहोत. गटातला माणूस पहिल्या दिवसापासून यंत्र घडवतोय, नुसता वाट बघत बसलेला नाही, आणि हे त्याला स्पष्ट सांगितलेलं बरं.

निरोप इतकाच: "सावळज १२, काठ ८.५०, आत ९.४०". पाऊस नसला तरी ० पाठवायचा. न पाठवलेला आकडा आणि कोरडा दिवस तक्त्यात सारखेच दिसू लागले की महिन्याची नोंद वाया जाते.

सुरुवात दोन-तीन गावांतल्या २५-३० जणांपासून करा. गावात ज्याला विचारून बाकीचे फवारतात तो माणूस आधी हवा. व्हॉट्सॲप गटात १०२४ जण मावतात म्हणून भरत सुटू नका. ब्रॉडकास्ट लिस्टच्या नादी लागू नका, ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला निरोप पोचत नाही. रोजच्या तक्त्याचा गट फक्त ॲडमिननं लिहायचा, गप्पांचा वेगळा. औषधांच्या जाहिराती दोन्हीकडे बंद.

बैठक रात्री ८ नंतर. फुलोरा आणि जीएच्या डिपिंगचे (वाढीच्या संजीवकात घड बुडवण्याचे) दिवस सोडून द्या, तेव्हा बागेतून कुणी हलत नाही.

"यंत्र घ्याल का?" असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात, त्या होकारावर माल भरू नका. एका प्लॉटमध्ये हंगामभर यंत्राचा खांब रोवू द्याल का, हे विचारा. आगाऊ रक्कम आम्ही घेत नाही. कंपनी म्हणून घ्यायचीच असेल तर ३६५ दिवसांत माल द्यावा लागतो, नाहीतर ती ठेव धरली जाते. पेटीच अजून गळत असताना ती मुदत गळ्यात घेऊ नये.

चाचणीची यंत्रं मोठ्या बागायतदाराला द्यायचा मोह होतो. आमची यादी शून्यासकट रोज आकडा पाठवणाऱ्यांची आहे, क्षेत्र २० गुंठे असलं तरी. पेटीचं सील जमलं की पहिली यंत्रं त्यांच्याच मांडवात, पर्जन्यमापकाच्या जोडीनं लागतील. टिश्यूची नोंद तेव्हाही चालू राहील, कारण सेन्सर चुकला तर तो तिथंच पकडता येईल.