कादिझमधली वाऱ्याची दुपार

गुरुवार, रात्री उशिरा

पूर्वेचा वारा सुटलाय. इथे, दक्षिण स्पेनमधल्या कादिझ शहरात, त्याला लेवान्ते म्हणतात. ला कालेताच्या पुळणीवर पाच मिनिटं उभी राहिले तर वाळू पोटऱ्यांना सुया टोचल्यासारखी लागली. मग समुद्र सोडला आणि मिना चौकातलं संग्रहालय गाठलं. फार बरं झालं.

तिथे फिनिशियन, म्हणजे भूमध्य समुद्रावरच्या प्राचीन दर्यावर्दी व्यापारी लोकांच्या दोन संगमरवरी शवपेट्या शेजारी शेजारी ठेवल्यात. अडीच हजार वर्षांच्या जवळपासच्या. एकीवर दाढीवाला पुरुष कोरलेला, दुसरीवर स्त्री. पुरुष सापडला १८८७ मध्ये. पेलायो किन्तेरो या पुरातत्त्वज्ञाच्या मनाने घेतलं की याची जोडीदारीण इथेच कुठेतरी असणार. बिचाऱ्याने खूप शोधलं, हाती काही लागलं नाही. ते गेल्यावर, १९८० मध्ये, एका बांधकामाचा पाया खणताना ती सापडली. आणि जागा कुठली, तर किन्तेरो पूर्वी राहायचे त्याच घराची! मी त्या दोघांसमोरून बराच वेळ हललेच नाही. वरच्या मजल्यावर थुर्बारान या जुन्या स्पॅनिश चित्रकाराची चित्रं आहेत, ती मात्र भराभर पाहिली.

नंतर ताविरा मनोरा. अमेरिकेशी चालणाऱ्या व्यापाराचा कारभार १७१७ मध्ये सेव्हिलहून इथे आला आणि कादिझच्या व्यापाऱ्यांकडे पैसा वाहू लागला. आपलं गलबत येताना आधी आपल्याला दिसावं म्हणून त्यांनी घरांवर टेहळणीचे मनोरे चढवले. शंभराहून जास्त अजून उभे आहेत. ताविराच्या माथ्यावर एक अंधारी खोली आहे. छतातल्या आरशातून आणि भिंगातून बाहेरचं शहर खालच्या पांढऱ्या तबकडीवर उतरतं, तेही हलतं: गच्चीवरचे कपडे फडफडतायत, सीगल उडतायत. मुलं तर सोडाच, आम्ही मोठी माणसंही तबकडीवर वाकलो होतो.

कॅथेड्रल बाहेरूनच छान. पिवळा घुमट लांबून बघावा. सान फेलिपे नेरी चर्चपाशी मात्र थांबले. नेपोलियनच्या फौजांनी शहराला वेढा घातलेला असताना स्पेनची १८१२ची राज्यघटना इथे बसून लिहिली गेली, हे दारातल्या स्मृतिफलकांच्या गर्दीवरून कळतंच.

जेवण व्हिन्या मोहल्ल्यात. तोर्तियितास दे कामारोनेस, म्हणजे बारीक कोळंबी अख्खीच बेसन आणि कणकेच्या पातळ पिठात घालून तळलेली, जाळीदार. अहो, ही तर जवळ्याची भजी! फक्त पातळ, आणि तिखटाचा पत्ता नाही. पर्समधली मिरपूड बाहेर काढायचा मोह आवरला. दुसरी प्लेट मागवली.

उद्या वारा पडला तर बोटीने खाडीपलीकडच्या एल पुएर्तो गावाला जाईन. नाही पडला तर रोमन नाट्यगृह. हजारो माणसं बसतील एवढं ते नाट्यगृह घरांखाली गाडलेलं होतं आणि तेही १९८० मध्येच सापडलं. त्या वर्षी या गावात जमिनीने भलतीच दानत दाखवलेली दिसते.